एकशे तेरा दगडांची वही

नाल्यापलीकडच्या माळावर एकशे तेरा खड्डे होते आणि दगड एकही नव्हता. धम्मदीप खोब्रागडेने ते दोनदा मोजले. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर राहिलेल्या माणसाची मोजणी सहसा चुकत नाही. आज ती चुकावी असं त्याला मनापासून वाटत होतं. तो तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा सोमारी म्हणाली, "बस करा, कंडक्टर भाऊ. मोजल्यानं दगड उगवते का?"

वेडमागुडा हे अहेरीपासून चाळीसेक किलोमीटर आत, जंगलातलं माडिया आदिवासींचं गाव. इथे माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. तो घरच्यांनी निवडायचा नाही, सोयऱ्यांनी निवडायचा. बांबूला बांधून खांद्यावरून आणायचा आणि मेलेल्याच्या कुळाच्या रांगेत रोवायचा. वर्षातून एकदा त्याच्यापुढे हळद-तांदूळ ठेवायचे, घरची खबर सांगायची. रोवलेला दगड पुन्हा हलवायचा नाही, एवढा एकच नियम कडक. आणि आता नियम मोडणाऱ्या क्रेनच्या चाकांचे वळ माळभर पडले होते.

सोमारीचा मुलगा सुरज सहा वर्षांपूर्वी हिवतापाने गेला. त्याचा दगड तिसऱ्या रांगेत शेवटचा होता. त्या खड्ड्याच्या काठावर ती उकिडवी बसली होती, आणि रडत नव्हती म्हणून धम्मदीपला जास्तच अपराधी वाटत होतं.

दगड नेले तेव्हा गाव गावात नव्हतं. मे महिना, तेंदूपत्त्याचे दिवस. माणसं पहाटेच जंगलात शिरायची ती उन्हं डोक्यावर आल्यावर पानांचे भारे घेऊन परतायची. मागे उरला होता फक्त पोचू म्हातारा. धम्मदीप त्याच्यावर खेकसलाच. "तुमी होते ना इथी? मंग नेऊ काऊन देल्ले?"

"आडवा गेलो ना मी," पोचू म्हणाला. "म्हनलो, कोनाले पुसून नेऊन राह्यले? त्यायनं कागद दाखवला. मले वाचता नाई येत, भाऊ, पन तुमचं अक्षर मी ओळखतो. कागदावर तुमचं अक्षर होतं. मले वाटलं, जंगलाच्या दाव्यासाठी नेऊन राह्यले."

धम्मदीप एका खड्ड्याशी बसला.

अक्षर त्याचंच होतं. वेडमागुड्याच्या मुक्कामी गाडीवर त्याची अकरा वर्षं गेली. गाडी संध्याकाळी पोचायची, सकाळी निघायची. ड्रायव्हर जेवून झोपायचा आणि धम्मदीप लोकांत जाऊन बसायचा. गाव कुठून आलं, कोणतं कुळ आधी आलं, कोणी कोणाला मुलगी दिली, हे तो ऐकायचा आणि लिहून ठेवायचा. या भागाचा इतिहास म्हणून जो छापला जातो, त्यात राजे असतात, किल्ले असतात, इंग्रज असतात, आणि ज्यांच्या पायाखालचं हे जंगल ते लोक एका परिच्छेदात उरकलेले असतात. याची त्याला चीड होती. रिटायर झाल्यावर त्याने सगळ्या दगडांची वही केली. आणि कंडक्टरच तो, नंबराशिवाय त्याचं समाधान कसं व्हायचं? गावाला विचारून त्याने प्रत्येक दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा घातला आणि वहीत त्या आकड्यासमोर नाव, कुळ, कोणाचा कोण ते लिहिलं. सीट नंबर आणि प्रवासी, इतकं सोपं काम.

पुढे त्या वहीला अचानक किंमत आली. आपल्या जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मिळावा म्हणून ग्रामसभेने केलेला दावा शेरा मारून परत आला: गाव येथे पिढ्यान्‌पिढ्या असल्याचा पुरावा नाही. मेलेल्यांच्या खुणाही पुरावा म्हणून चालतात, हे धम्मदीपनेच नियम वाचून शोधून काढलं. दावा पुन्हा गेला. जागेवर पाहणी करायला बावीस तारखेला नायब तहसीलदार बाई येणार होत्या. आज सोळा तारीख होती.

आणि दोन महिन्यांपूर्वी, सीमाभाग वारसा संवर्धन समिती असं लांबलचक नाव असलेल्या मंडळाचे प्राध्यापक निकेश धकाते त्याच्या घरी आले, वही बघून म्हणाले, "खोब्रागडे, विद्यापीठाने करायचं काम तुम्ही एकट्याने केलंत." बत्तीस वर्षांत सुट्ट्या पैशांवरून शिव्याच खाल्लेला माणूस तो. हुरळला. गावाला न विचारता वहीची झेरॉक्स काढून दिली, वर चहा पाजला.

"दगड कुठी नेले ते माहीत हाय मले," तो सोमारीला म्हणाला. "चला."

अहेरीच्या बाहेर समितीचं नवं उद्यान तयार होत होतं. मधोमध कारंजं, त्याला पाणी अजून यायचं होतं, आणि भोवती वेडमागुड्याचे दगड, उंचीप्रमाणे लावलेले. लहान पुढे, मोठे मागे, शाळेच्या ग्रुप फोटोसारखे. कुळाच्या रांगा मोडून बाप एकीकडे, लेक दुसरीकडे, वैरी मांडीला मांडी लावून. सगळे तारेच्या ब्रशने घासून लख्ख केलेले. पांढऱ्या आकड्यांचा मागमूस नव्हता.

फाटकाशी संगमरवरी फलक होता. धम्मदीपने तो मोठ्याने वाचला. "महापाषाणकालीन शिळा. काळ, अंदाजे दोन हजार वर्षांपूर्वी. उभारणारे, अज्ञात."

"अज्ञात म्हंजे?" सोमारीने विचारलं.

"कोन होते ते कोनालेच मालूम नाई, असं."

सोमारीने फलकाकडे पुन्हा पाहिलं नाही. ती दगडांत शिरली. चार-पाच दगडांवर हात ठेवला, पुढे गेली, आणि दुसऱ्या ओळीतल्या छातीइतक्या उंच दगडापाशी थांबली. त्याच्या कमरेला तांबडी रेघ होती. तिने पदराने तो पुसला आणि माडियात त्याच्याशी बराच वेळ बोलली. धम्मदीपला तेवढी माडिया कळायची. तेंदूपत्ता यंदा बरा निघाला, बहिणीला मुलगा झाला, असं ती सांगत होती. सुरज त्याच्याच गाडीने अहेरीच्या कॉलेजात जायचा. पास विसरला तरी धम्मदीपने त्याला कधी उतरवलं नव्हतं. तो पोरगा आता दोन हजार वर्षांचा झाला होता.

प्राध्यापक निकेश हात पुढे करत आले. "बरं झालं आलात. उद्घाटनाला तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. खाली छोट्या फलकावर माहिती-साहाय्य म्हणून नावही टाकतोय."

धम्मदीपने हात पुढे केला नाही. "सर, तो दगड सहा वर्षांचा हाय. त्या पोराची माय तिथी उभी हाय. तुमी लिवलं दोन हजार वर्सं."

"सगळेच तसे नसतील, मान्य आहे. पण परंपरा तर तितकी जुनी आहे ना? पर्यटकांना कुठे तपशील हवा असतो."

"वही होती ना तुमच्यापाशी? नावं होती त्यात."

"होती. तिच्यामुळेच तर दगड ओळखायला सोपं गेलं, फार मदत झाली," निकेश सर मनापासून म्हणाले. "पण सांगीव माहितीला पुरावा नाही मानता येत. आणि रागावू नका, प्राचीन शिळांवर ऑइलपेंट लावणं हे विद्रूपीकरणच. आम्हाला ते काढायला तीन दिवस लागले."

धम्मदीपच्या मस्तकात तिडीक गेली. समोरच्या माणसाची कॉलर धरावी असं वाटलं, आणि धरली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. पण सगळ्यात जास्त संताप आला तो वहीची मदत झाली हे या माणसाचं बोलणं खरं होतं याचा. आकडे धम्मदीपने घातले होते. झेरॉक्स धम्मदीपने दिली होती. चोराला घर दाखवून वर चहाही त्यानेच पाजला होता.

"बावीसले पाहनी हाय," तो कसाबसा म्हणाला. "दगड वापस पायजे."

"आता ते शक्य नाही. समितीचा ठराव झालाय. इथे सुरक्षित आहेत हो, तिथे जंगलात कोण बघणार होतं त्यांच्याकडे?"

सोमारी मागे येऊन उभी होती. तिने हे ऐकलं. "आमी," एवढंच म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली.

त्या आठवड्यात वेडमागुड्याने तेंदूपत्ता सोडला. हंगामातल्या एकेका दिवसाचं मोल ज्याला माहीत आहे त्यालाच यातला राग कळेल. ग्रामसभा बसली. धम्मदीपने सगळ्यांसमोर सांगितलं, झेरॉक्स मी दिली, तुम्हाला न विचारता दिली. कोणी त्याची समजूत घातली नाही. घातली असती तर त्याला बरं वाटलं असतं, आणि बरं वाटून घ्यायचा त्याला हक्क नव्हता.

बावीसला नायब तहसीलदार निशा कुळमेथे आल्या. बाई कमी बोलणाऱ्या, कामाला चोख. त्यांनी टेपने खड्डे मोजले, रांगा कागदावर उतरवल्या. मग म्हणाल्या, "खड्डे मी लिहिते. पण दगड असल्याशिवाय हे कसले खड्डे ते कसं लिहू?"

"दगड अहेरीत हाय," सोमारी म्हणाली. "मानसंबी तिथीच हाय. चला, बाई."

सकाळच्या गाडीने गाव पुढे गेलं होतं. दुपारी बाई उद्यानात पोचल्या तेव्हा प्रत्येक दगडाशी त्याचं माणूस बसलं होतं. कोणाची म्हातारी, कोणाचा नातू, कोणाची परगावी दिलेली लेक आणि तिची पोरं. काहींच्या वाट्याला तीन-तीन, चार-चार दगड आले होते. ते एकाशी बसत, उठत, दुसऱ्याशी जात. आकडे पुसले म्हणून कोणाचं काही अडलं नव्हतं. दगड उन्हाने तापले होते, तरी त्यांच्यावर हळद होती, पुढे पानावर तांदूळ होते. कारंज्याच्या कोरड्या हौदात पोरं सावली धरून बसली होती. निकेश सर एकदा वॉचमनला, एकदा फोनवर कोणाला ओरडत होते.

निशाबाईंनी त्यांना बोलावलं. "हे दगड कुठून आणले?"

"वेडमागुडा परिसरातून."

"परिसर नको. कुठून?"

"वेडमागुडा," सर म्हणाले, आणि बाईंनी ते लिहून त्यांची सही घेतली.

मग पंचनामा सुरू झाला. बाई दगडापाशी जायच्या, बसलेलं माणूस नाव सांगायचं, धम्मदीप वहीत ते नाव शोधून कुळ आणि नातं वाचायचा. लेकामी, पुंगाटी, वड्डे. आजा, चुलती, थोरला भाऊ. सोमारीने मुलाचं नाव सांगितलं आणि वर्षही सांगितलं. बाईंनी फलकाकडे एकदा पाहिलं आणि वर्ष लिहिलं. पुरावा नाही असं आता कोणाला लिहिता येणार नाही, हे धम्मदीपला कळत होतं. तरीही वहीची पानं उलटताना तो मंदावत गेला, कारण शेवटी काय येणार ते त्याला दिसत होतं.

एकशे नऊ झाले. चार दगड उरले. त्यांच्याशी कोणी बसलेलं नव्हतं.

एका कुळाचे चार भाऊ होते ते, देवीच्या साथीत गेलेले. मागे वंश उरला नाही. गावात त्यांची नावं फक्त बुधरी म्हातारीला ठाऊक होती. तिने ती धम्मदीपला सांगितली आणि त्याच साली तीही गेली. नावं वहीत होती, चारही. पण कुठला दगड कोणाचा, ते सांगणारा आकडा दगडावर नव्हता. आणि धम्मदीपने दगडाची उंची लिहिली नव्हती, खूण लिहिली नव्हती, फोटो काढला नव्हता. नंबर आहे ना, मग आणखी काय पाहिजे, असं त्याला वाटलं होतं.

"हा कोणाचा?" निशाबाईंनी पहिल्या दगडाला पेन टेकवून विचारलं.

चार नावं, चार दगड. त्याने कुठलंही नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. त्याला खोटं पाडायला जगात कोणी जिवंत नव्हतं. गाव त्याच्याकडे बघत होतं, सरही बघत होते.

"माहीत नाई," धम्मदीप म्हणाला.

"मग अज्ञात लिहू?"

"नाई." त्याचा आवाज असा चढला की हौदातली पोरं उठून उभी राहिली. "अज्ञात नका लिवू. चारीच्या चारी नावं लिवा, मी सांगतो. खाली लिवा, कोनता दगड कोनाचा ते आधी मालूम होतं. धम्मदीप खोब्रागडेनं गावाले न पुसता वही देल्ली, समितीनं दगड उपटले अन् आकडे घासले. आमी दोघायनं मिळून ते पुसून टाकलं, असं लिवा."

"हे असं कागदावर येत नसतं," निकेश सर म्हणाले.

"जबाब म्हणून येतं," निशाबाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. त्याने चार नावं सांगितली, सावकाश, एकेक अक्षर. लिहून झाल्यावर बाईंनी कागद त्याच्यापुढे धरला.

धम्मदीपने सही केली. तिच्याखाली आपल्या त्याच ओळखीच्या अक्षरात प्राध्यापकांचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे सहीपुरती जागा सोडली आणि पेन त्यांच्यापुढे केलं. सर हात मागे बांधून उभे राहिले. उद्यानातलं कोणीही जागचं हललं नाही, आणि धम्मदीपनेही हात खाली घेतला नाही.