शंकरप्पा तपासून आले

"काका, गळ्यातलं काढून ठेवा," हरिओम म्हणाला, आणि शंकरप्पांनी अर्धा वर केलेला सदरा पुन्हा खाली ओढला.

लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात, एमआरआयच्या खोलीबाहेर हे चाललं होतं. हरिओम तिथला मशीन चालवणारा पोरगा, बोलायला गोड. दिवसभर लोकांच्या अंगठ्या, घड्याळं, करदोडे उतरवून घ्यायचे हे त्याचं कामच. त्यामुळे ह्या उदगीरच्या म्हाताऱ्याच्या गळ्यातली चांदीची डबी त्याला काही वेगळी वाटली नाही. शंकरप्पांनी मात्र ती सदऱ्यावरूनच मुठीत धरली.

त्या डबीत त्यांचं इष्टलिंग होतं. पाळण्यात असताना स्वामींनी बांधलेलं. लिंगायताच्या अंगावरून ते उतरतं ते रोज सकाळी पूजेपुरतं, डाव्या तळहातावर. आणि अगदी शेवटी, माणसाला मातीत बसवतात तेव्हा त्याच तळहातावर ठेवतात. ह्या दोन्हींच्या मधे ते काढून प्लॅस्टिकच्या टोपलीत, परक्या माणसांच्या पट्ट्यांशेजारी टाकायचं?

"न्हाई जमायचं," ते म्हणाले. चपला घातल्या आणि सरळ बाहेर आले.

बाहेर बाकावर गौरम्मा, त्यांची बायको, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"झालं?"

"मशीन बिघडलीय म्हनं. चल, गाडी सापडंल."

एवढं बोलून त्यांनी नाक चोळलं. आता इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं नाक कळत नसेल तर कुणाला कळणार! ती उठली, आत जाऊन हरिओमला विचारून आली आणि पुन्हा शेजारी बसली.

"काट्याला दर साली शिक्का मारून आनत होताव. एक साल चुकलं न्हाई. स्वतःचं अंग कधी दाखवलाव कुनाला?"

शंकरप्पांचं उदगीरला भुसार मालाचं दुकान. वजनकाटा तपासून सरकारी शिक्का मारून आणायचा म्हणजे त्यांच्यासाठी सणच असे. काटा पुसून, धुवट धोतर नेसून निघत. आता दुकान पुतण्या बघतो, पण शिक्क्याची आठवण अजून हेच करून देतात.

"काटा गिऱ्हाइकासाठी असतो. अंग माझं हाय."

"साकु," गौरम्मा म्हणाली. ती भालकीची लेक. चिडली की पुरे म्हणायला तिला कानडीच लागायची. "अंग तुमचं. अन् मागं राहनारी कोन? विशाखावैनीचं काय झालं, बघितलाव न्हवं?"

विशाखावैनी म्हणजे शंकरप्पांचे जुने दोस्त अनंतराव मास्तर यांची बायको. मास्तर गेले आणि वर्षही उलटायच्या आत त्या बाईनं दाराबाहेर बसणं सोडलं. त्यांच्याच सांगण्यावरून गौरम्मानं नवऱ्याला आरोग्य शिबिरात ओढत नेलं होतं. पन्नाशीपुढच्या पुरुषांचं रक्त तपासत होते. शंकरप्पांच्या रक्तात प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला. मग डॉक्टरांनी बोटानं तपासलं. त्या दिवशी शंकरप्पा घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. डॉक्टर म्हणाले, काहीतरी कडक लागतंय, लातूरला जाऊन फोटो काढा.

आणि आता इथं येऊन ही अडचण.

"मला लिंग काढायचं भ्या वाटायलंय, गौरम्मा," शंकरप्पा शेवटी म्हणाले. "उतरवलं अन् आतच काय झालं तर?"

गौरम्माच्याही गळ्यात लिंग होतं, तिला काय समजावून सांगायचं! मग ती उठून पुन्हा हरिओमकडे गेली.

"लेकरा, तुज्या मशीनला चांदी चालत न्हाई. दगूड चालतो का?"

"म्हणजे?"

"डबी माझ्यापाशी ठिवते. आतलं लिंग दगडाचं हाय. ते मुठीत धरून झोपतेत. रोज पूजेला हातावरच असतंय."

हरिओमनं डोकं खाजवलं. आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. तो आतून मोठ्या मॅडमला घेऊन आला. मॅडमनी विचारलं, हात लावू का? शंकरप्पांनी मान हलवल्यावर एक छोटं लोहचुंबक लिंगाजवळ धरून पाहिलं. ते चिकटलं नाही. "धरू द्या मुठीत," त्या म्हणाल्या, "फक्त हात हलवायचा नाही, काका."

शंकरप्पांनी लिंग कपाळाला लावलं, डावी मूठ मिटली आणि आडवे झाले.

मशीननं आवाज सुरू केला. डाळमिलच्या चाळणीशेजारी कुणी निजवावं तसा. डोळे मिटल्यावर शंकरप्पांना मास्तर दिसले.

मास्तरांचं कुलदैवत माहूरची रेणुका. दर वर्षी दिवाळीआधी जीप ठरायची. मास्तर, तहसीलमधले व्यंकटराव, अजून दोघंतिघं आणि देवी आपली नसली तरी सोबतीला म्हणून शंकरप्पा. काय दिवस होते ते! गौरम्माच्या हातच्या ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मास्तरांची बडबड. रस्त्यात दिसेल त्या पाटीवरचे किलोमीटर घेऊन ते गणित घालायचे आणि स्वतःच सोडवायचे. माहूरच्या पायऱ्या शंकरप्पांच्या आधी चढून वर कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे, म्हणायचे, "व्यापाऱ्या, ये, ये, तुला उधारीवर दर्शन देतो."

पुढं पुढं जीप फार वेळा थांबायला लागली. नांदेड येईपर्यंत मास्तरांना दर थोड्या वेळानं बाभळीआड जावं लागायचं. "मास्तरांचा थांबा आला," असं व्यंकटराव ओरडायचे आणि सगळी जीप हसायची. मास्तर सगळ्यात जास्त हसायचे. "वय झालं बाबा, नळ गळतोच," म्हणायचे. मग एका वर्षी त्यांची कंबर धरली. त्यांनी तेल लावलं, लेप लावला, उन्हात बसून शेकलं. कंबर नव्हतीच ती. हैदराबादला नेलं तोवर दुखणं हाडात उतरलेलं होतं.

शंकरप्पांनाही त्याच सुमाराला रात्रीचं उठावं लागत होतं. दोघं एकमेकांशी जन्मभर सगळं बोलले. पोरांची लग्नं, भावकीची भांडणं, सगळं. एवढं एक बोलले नाहीत, ते फक्त हसण्यावारी नेलं. मशीनमध्ये पडल्या पडल्या शंकरप्पांना मास्तरांची इतकी आठवण आली की डोळ्यांतून पाणी कानात गेलं. पण हात हलवायचा नव्हता, म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.

त्यानंतर सुईनं तुकडा काढून झाला, त्याचा निकाल आला. गाठ होती, कॅन्सरचीच. पण लहान आणि जागच्या जागी. सध्या कापायची घाई नाही, दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं आणि नजर ठेवायची, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गौरम्मानं ते दोनदा सांगायला लावलं.

निकाल घेऊन आले त्या संध्याकाळी शंकरप्पा नेहमीसारखे दुकानापुढच्या ओट्यावर गेले. चौघंपाच जण बसलेले. व्यंकटराव त्यांत सगळ्यात मोठ्या आवाजाचे. तहसीलमधून रिटायर झाले तरी आवाज अजून कचेरीचाच.

"काय आप्पा, लातूरच्या लई चकरा वाढल्यात?"

भाच्याकडे गेलो होतो, हे शंकरप्पांनी घरूनच ठरवून आणलं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण मास्तरांची ओट्यावरची जागा समोर होती आणि तिथं कुणी बसलेलं नव्हतं.

"दवाखान्यात गेलतो. लघवीचं तपासायला."

"अस्सं! म्हंजे डॉक्टरनं मागून..." व्यंकटरावांनी बोट वर केलं. दोघंतिघं हसले.

"हाव," शंकरप्पा म्हणाले. "मागून बोट घालून बघितलं. मग मशीनमधी घातलं. मग सुई घातली. कॅन्सरची गाठ हाय. बारकी हाय, म्हनून वाचलोय. मास्तरला हेच झालतं. त्याला आपन हसलो, तो बी हसला, अन् कुनी बघितलं न्हाई."

कुणी तंबाखूची डबी उघडली, कुणी पोराच्या नावानं हाक मारून उठलं. थोड्या वेळात बैठक मोडली. शंकरप्पांना वाटलं, उद्यापासून आपल्याला इथं कुणी बोलावणार नाही. सांगितल्याचा पस्तावा मात्र त्यांना झाला नाही.

ते घराकडे निघाले. कोपऱ्यावर मागून चपलांचा आवाज आला. व्यंकटराव होते. त्यांचं घर उलट्या दिशेला.

"आप्पा," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना शंकरप्पांनी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "दुखतंय का?"

"न्हाई. लाज वाटतीया. तेवढीच."

व्यंकटराव थोडं चालले. "मला बी..." असं म्हणाले आणि थांबले.

"कदीपासून?"

"दोन वर्सं झाली असतील. घरात सांगितलं न्हाई."

"सोमवारी पहिल्या गाडीनं जाऊ. मी येतो संगं. रक्त काढून होईस्तोवर बसतो बाजूला."

व्यंकटरावांनी शंकरप्पांचा हात धरला, लहान पोरानं जत्रेत धरावा तसा घट्ट. रस्त्यावर ओळखीची माणसं येत-जात होती, रामराम घालत होती. घर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.