शेवटचे गाव

"मोगरी ठेव, बुकेन्या," शेजारीण अंगणातूनच म्हणाली.

कापड करायला मुतुबाच्या झाडाची ओली साल ओंडक्यावर पसरून तो ठोकत होता. एरवी ती सरळ आत येऊन बसायची. आज बाहेरच थांबली, तेव्हाच त्याला कळले.

त्याची बायको नाम्पिजा सकाळी मसाका शहरात गेली होती, आपल्या खेळाच्या नियमांचे पुस्तक छापायला टाकायला. परत येताना टॅक्सी उलटली.

संध्याकाळी तिला घरी आणले. पुरण्याआधी तिला गुंडाळायला बायका सालीचे कापड मागू लागल्या. नातेवाइकांनी एकेक आणले होते. बुकेन्याने पेटी उघडली आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या गुंडाळ्या बाहेर काढल्या.

"एवढ्या?" मेव्हण्याने विचारले.

"एवढ्या."

कापड करणाऱ्याच्या बायकोला कापड कमी पडले, असे कुणी म्हणायला नको होते. त्याने एकही गुंडाळी उलगडून पाहिली नाही. ओंडक्यावरची साल तशीच राहिली आणि वाळून लाकूड झाली.

दहाव्या दिवशी, शनिवारी, तिची खेळणारी मंडळी आली. फणसाखाली नेहमीच्या चटईवर बसली. तिची जागा सोडून.

नाम्पिजा शाळेत शिकवायची आणि कादंबऱ्या लिहायची. तळ्याखालचे दुसरे तळे, तिथले बोलणारे नगारे, मगरीवर बसून न्याय देणारी राणी. पुढे त्याचाच तिने खेळ केला. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचे, फासे टाकायचे. पुढे काय झाले ते ती सांगायची. चार वर्षे दर शनिवारी हे चालले होते.

"माझा नगारेवाला चार महिने नावेत बसलाय, ताता," किगोझी बुकेन्याला म्हणाला. तो मोटारसायकलवरून भाडी मारायचा. "शेवटचं गाव आलं की उतरवते म्हणाल्या होत्या टीचर."

"नावेतच बरा आहेस. जमिनीवर आलास की आम्हा सगळ्यांना मारवतोस," बाबिरये म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती. हसायला कुणी तोंड उघडले नाही, तशी तीच खाली बघू लागली. मग म्हणाली, "ताता, नकाशा तेवढा द्याल? शेवटचं गाव त्यावर काढून ठेवलंय म्हणायच्या. आम्हाला बघू देत नव्हत्या. तो मिळाला तर खेळ पुरा करू."

"तिचे सगळे कागद टेबलावर आहेत. घेऊन जा."

"कागद कुठला! तुम्ही केलेल्या कापडावरच काढलाय. पेटीत तळाशी ठेवते म्हणाल्या होत्या, तिथे तुम्ही कधी हात घालत नाही म्हणून."

बुकेन्या उठला. आत जाऊन त्याने पेटी उघडली. ती रिकामी आहे हे ठाऊक असूनही तळाशी हात फिरवला, चारही कोपऱ्यांत. बाहेर आला तेव्हा हात अंगातल्या पायघोळ कांझूला पुसत होता.

"ते तिच्याबरोबर गेलं," तो म्हणाला.

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. घरामागच्या केळीच्या बागेकडे, जिथे तिच्यावरची माती अजून ओली होती, कुणीही पाहिले नाही.

"तुम्हाला सांगितलं असेल ना पण?" किगोझीने हळूच विचारले. "शेवटच्या गावात काय आहे ते?"

"रोज सांगायची. ओंडक्यापाशी बसून."

"मग?"

"मी ठोकत असायचो."

"काहीच नाही आठवत?"

"मी हं म्हणायचो. आणि ती पुढे सांगायची."

पुढच्या पावसात त्याने दुसऱ्या झाडाची साल काढली. तीन दिवस ठोकली, उन्हात वाळवली, आणि एका शनिवारी चटईवर पसरली. मंडळींनी आठवेल तसे काढले. नदी, नगाऱ्यांचे रान, राणीचा घाट. किगोझीने आपली नाव फारच मोठी काढली म्हणून बाबिरयेने त्याला टपली मारली. शेवटी तिने कोळशाचा तुकडा बुकेन्यापुढे धरला.

"इथे, ताता. शेवटचं गाव, पश्चिमेला."

त्याने कोळसा घेतला. बराच वेळ कापडावर वाकून बसला, कान देऊन बसावे तसा. मग कोळसा खाली ठेवला.

पश्चिमेचा कोपरा कोरा आहे. किगोझीची नाव अजून किनाऱ्याला लागलेली नाही.