माणसं सात की आठ

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, पण पोलिसांच्या वायरलेसची, म्हणजे बिनतारीची खोली अजून पत्र्याचीच होती. खोलीवरून नव्या जिल्ह्यासाठी ओढलेली विजेची मोठी लाइन जायची. त्या साली पाऊस न झाल्यामुळं खांबांवरच्या चिनी मातीच्या वाट्यांवर धुळीचे थर बसले होते. दुपार झाली की सेटमधून फोडणी तडतडावी तसा आवाज सुरू व्हायचा, आणि त्या तडतडीत माणसाचं बोलणं अर्धंच ऐकू यायचं.

त्या खोलीत मन्मथ तीन दिवसांपासून एकटा होता. त्याच्या बदलीचा माणूस तापानं पडला होता, आणि सेट सोडून उठायची सोय नव्हती. डबा आत यायचा. कानावरचा हेडफोन काढला तरी खरखर डोक्यात चालूच राहायची.

मार्चमध्ये त्याच्या हातून एक चूक झाली होती. एका गावाला साठ पिंप पाणी पाहिजे होतं, त्यानं आठ ऐकलं आणि आठच लिहिलं. गाव दोन दिवस रांगेत उभं राहिलं. त्याला कुणी फारसं बोललं नाही, पण त्याच्या मनातून ते गेलं नाही. महिनाभर तो कुठला आवाज कशात हरवतो ते वहीत टिपत बसला. खरखर शब्दाचं तोंड खाते आणि शेपूट ठेवते, हे त्याच्या ध्यानात आलं. मग सात आणि आठ, दोन आणि तीन यांतला फरक उरणार कसा?

त्यानं देवणीच्या बसवंतला एक युक्ती सांगितली. बसवंत तिकडच्या सेटवर बसायचा. संदेशातले सगळे आकडे एकेक करून मिळवायचे, बेरजेचा शेवटचा आकडा घ्यायचा आणि तो संदेशाच्या शेवटी सांगायचा. पण आकडा म्हणून नाही, धान्याचं नाव म्हणून. एक म्हणजे ज्वारी, दोन म्हणजे तूर, तीन म्हणजे करडी, अशी दहा नावं त्यांनी ठरवली. एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नको, एवढीच अट होती. वरच्या साहेबांनी संदेशाच्या मजकुराला हात लावू दिला नाही. शेवटी एक शब्द जोडायला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही.

मे महिन्यात एका दुपारी देवणीहून संदेश आला. कुरणवाडीत दुष्काळी कामावर विहीर खोल करताना दरड खाली आली होती. देवणीपासून अंतर नऊ किलोमीटर, खोली बेचाळीस फूट, माणसं सात. मन्मथनं लिहून घेतलं आणि धावपळीत फोनवर पुढं उदगीरला कळवून टाकलं. फौजदाराची जीप माणसं आणि दोर घेऊन निघाली. मग त्यानं वहीवर बेरीज केली. नऊ, चार, दोन आणि सात. बावीस. म्हणजे तूर यायला पाहिजे होती. पण बसवंत स्वच्छ करडी म्हणाला होता.

त्यानं देवणीला परत हाका मारल्या. उत्तर नाही. तिकडची बॅटरी उतरली होती, हे त्याला नंतर कळलं. देवणीचा फोनही लागेना. कुठलातरी एक आकडा खोटा होता, आणि कुठला ते सांगणारं माणूस नव्हतं.

साडेचारला जीपच्या सेटवरून फौजदारांचा आवाज तुटत तुटत आला. सातही माणसं वर काढली, सहा जण दवाखान्याकडं रवाना झाले, बाजू अजून ढासळतेय म्हणून काम थांबवतोय, असं ते सांगत होते.

देवणीपासून जीपचा काटा किती फिरला, ते मन्मथनं त्यांना विचारलं. नऊ किलोमीटर. विहिरीत दोर किती उतरला ते विचारलं. बेचाळीस फूट. म्हणजे चूक माणसांच्याच आकड्यात होती; सातच्या जागी आठ धरले की बेरीज तेवीस, करडी.

"साहेब, मग खाली अजून एक जण हाय."

फौजदार म्हणाले, हजेरीपटावर सातच नावं आहेत, सातांचे नातेवाईक इथं उभे आहेत, कुणी आठवं माणूस मागत नाही.

"कागदावर नसंल साहेब. वर काढलेल्यांपैकी कुणी शुद्धीवर असंल तर विचारा. माझा हिशोब चुकला तर माझी नोकरी घ्या, पण विचारल्याबिगर काम थांबवू नका."

पुढचं काही ऐकू आलं नाही. खरखरीनं सगळं झाकून टाकलं. मन्मथ बटन दाबून बोलायचा, सोडायचा, ऐकायचा. पत्रा तापला होता. अंगातला सदरा पाठीला चिकटला होता. दोन तास त्या विहिरीवर काय चाललं आहे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आपणच त्या मातीखाली आहोत, हाक मारतोय आणि वर कुणाला ऐकू जात नाही, असं त्याला वाटून राहिलं. एकदा तो उठून दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

दिवस कलायला लागला तसा लाइनचा आवाज जरा बसला. बॅटरी बदलून देवणी बोलू लागलं.

"मन्मथअप्पा, निघाली," बसवंत म्हणाला. "जित्ती हाय."

मग विहिरीवरून आलेल्या माणसाकडून ऐकलेलं सगळं त्यानं सांगितलं. शेवटी वर काढलेली सरजाबाई जीपजवळ बसून होती. फौजदारांनी विचारल्यावर ती म्हणाली, चांगुणा कुठाय? चांगुणा राज्याच्या सीमेपलीकडून बहिणीकडं राहायला आलेली. बहीण आजारी म्हणून तिच्या जागी ती सकाळी कामावर उतरली होती, पण पटावर बहिणीची गैरहजेरी पडली होती आणि चांगुणाचं नाव चढलंच नव्हतं. अंथरुणावरच्या बहिणीला दरडीचं कळलं नव्हतं, आणि ती तर घरी सुखरूप दिसत होती, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. दोर ओढणाऱ्या ग्यानोबानं मात्र खाली गेलेली डोकी मोजली होती. देवणीला सायकल मारत येऊन आठ सांगणारा तोच, त्यामुळं फौजदार आले तेव्हा तो विहिरीवर नव्हता. चांगुणा खालच्या कपारीत दगडाआड बसून होती. एक पाय चेमटला होता.

मन्मथनं संदेश लिहून घेतला, वेळ टाकली, सही केली.

चांगुणा दीड महिना उदगीरच्या दवाखान्यात होती. तिला एकदा बघून यावं म्हणून मन्मथनं रजेचा अर्ज दिला. दुष्काळात सगळ्यांच्या रजा बंद होत्या, अर्ज परत आला. जूनमध्ये बसवंतनं सांगितलं, ती काठी टेकत बहिणीसोबत गावाकडं गेली. मन्मथनं बरं म्हटलं आणि पुढचा संदेश घ्यायला पेन्सिल उचलली.