खाम्मूनमावशींचे हात

"मी नाही जायची बाहेर. चाकाच्या खुर्चीतली म्हातारी बघायला आलेत का लोक?" खाम्मूनमावशींनी पावडरचा डबा बाजूला ढकलला.

पक्षाघाताने त्यांचे पाय नेले होते; गळा तेवढा शाबूत होता. पण मोलामचं लोकगाणं म्हणजे नुसता गळा नव्हे. गाता गाता नाचावं लागतं. बाहेर देवळाच्या पटांगणात गावाने दुपारपासून चटया टाकून जागा धरल्या होत्या, त्या मावशींसाठीच.

"मग जुनं रेकॉर्डिंग लावू," फडाचा मालक सुपोत म्हणाला. "पडद्यावर तरुणपणीच्या मावशी. लोक खूश!"

"म्हणजे मी मेले, असं सांगूनच टाक की!"

फिकुन तिथेच उभी होती. फडात ती आली शिवणकामाला. पुढे रंगवलेले पडदे जाऊन झगमगता मोठा पडदा आला, तेव्हा कॉम्प्युटरला हात लावायला कुणी धजेना, म्हणून ती बसली. तेव्हापासून दुसऱ्यांच्या नाचामागे कमळं फुलवायची, आतषबाजी उडवायची. प्रेक्षकांत तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही कधी त्याचं काही वाटलं नाही.

ती मावशींपुढे गुडघ्यांवर बसली. "मावशी, तुम्ही कडेला अंधारात बसून गा. कॅमेरा फक्त तुमच्या हातांवर ठेवते."

"हात थरथरतात गं."

"थरथरू देत. हलले की मागे त्यांची सावली रेंगाळेल. पडद्यावर एका हाताचे दहा होतील."

"आयत्या वेळी हे खेळ नकोत," सुपोत करवादला. "बिघडलं तर लोक मला तळ्यात बुडवतील."

"आधी मला बुडवू देत," फिकुन म्हणाली.

मावशी पहिल्यांदाच हसल्या.

खाएन, बांबूच्या नळ्यांचा तो पावा, घुमला आणि अंधारातून मावशींचा सूर उठला. पडद्यावर दोन हात उमटले आणि लगेच विरघळून नुसता धूर झाला. चटयांवर कुजबुज उठली. फिकुनने सावल्यांचं रेंगाळणं कमी केलं, मागचा उजेड काढून काळोख भरला, पाव्याच्या आवाजावर रंग बांधला. आता एकेक बोट स्पष्ट झालं. थरथर होती, पण पाण्यावर लहर उठावी तशी. पावा चढला की सोनेरी, उतरला की निळी. मावशी श्वास घेत तिथे फिकुनही थांबे.

मावशींनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला.

"काय रे पोरांनो, माझे हात बघताय की शेजारणीचे?"

पटांगण खदखदलं. म्हाताऱ्या बायका उठून मनगटं वळवत नाचू लागल्या. मग सगळं गावच उठलं.

"फिकुन!" मावशी माईकवरूनच ओरडल्या. "दिवा टाक माझ्यावर! दिसू दे खुर्ची!"

माना वळल्या. ही फिकुन कोण, ते लोक शोधू लागले. ती भिजल्या डोळ्यांनी दिव्याची कळ वर सारत होती. लखलखीत उजेडात मावशी खुर्चीसकट दिसल्या, आणि शिट्ट्यांनी पावा बुडाला.

शेवटची ओळ संपली. मावशींनी हात मांडीवर ठेवले. पडद्यावर मात्र त्यांच्या सावल्या अजून तरंगत होत्या. एकामागून एक विरत होत्या. शेवटचं बोट काळोखात मिसळेपर्यंत गावात कुणी खाली बसलं नाही.