संजयभाऊंचं घर

अमरावती की अकोला, हा वाद मायाच्या घरात दोन महिने चालला आणि शेवटी माया हरली. हरली म्हणजे तिनं हो म्हटलं. ती अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. नवरा संघपाल बँकेत होता, आणि बढती देऊन त्याला अकोल्याच्या शाखेत मॅनेजर म्हणून पाठवलं होतं. दोघांपैकी एकानं रोज जायचं-यायचं, एवढं नक्की होतं. कोणी, हेही सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलंय, हे मात्र मायाला फार उशिरा कळलं. मॅनेजर उशिरा पोचला तर बँक बुडते, प्रोफेसर उशिरा पोचली तर पोरं खूश होतात, असं संघपाल हसत हसत सांगायचा. दर्यापूरहून सासरेही फोनवर तेच सांगायचे, फक्त न हसता.

दोघं विद्यापीठात एकाच वर्गात होते आणि मार्क तिला जास्त पडायचे. हे ती कधी बोलून दाखवत नसे आणि विसरतही नसे.

तिनं हो म्हटलं ते संबोधीसाठी. पोरगी पहिलीत जाणार होती, आणि संघपालनं अकोल्यात शोधलेलं घर शाळेच्या अगदी जवळ होतं. रोज सकाळी रेल्वेनं बडनेरा, तिथून अमरावतीला ऑटो, संध्याकाळी पुन्हा तेच. लोक करतात, आपणही करू, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. तरी तेव्हापासून ती भांडी आदळायला लागली होती.

घर तिनं अजून पाहिलं नव्हतं. ती पेपर तपासण्यात अडकली होती, म्हणून संघपाल एकटाच संबोधीला घेऊन पाहून आला होता. त्याआधी तीन घरं हातची गेली होती. फोनवर सगळं गोडीगुलाबीनं चालायचं, मग समोरचा माणूस पूर्ण नाव विचारायचा, आणि ते ऐकलं की त्याचा भाचा एकाएकी पुण्याहून राहायला यायचा. तिन्ही घरांना भाचेच. हे सांगताना संघपाल हसायचा. हे हसू बरं नाही, हे मायाला तेव्हाच ओळखू यायला हवं होतं. चौथं घर मिळालं असं तो म्हणाला, तेव्हा ती फक्त "सुटलो बाप्पा" म्हणाली आणि पुढचा गठ्ठा सोडला.

रविवारी तिघं कारनं अकोल्याला गेले. किल्ली घ्यायची होती, कुलरसाठी खिडकी आहे का ते बघायचं होतं, फोटोसाठी भिंत ठरवायची होती. फोटो बाबासाहेबांचा. मायाच्या वडिलांनी, सूर्यभान यांनी, एसटीत कंडक्टर म्हणून लागल्यावर तो शिसवी चौकटीत बसवून घेतला होता. दार उघडलं की पहिला तोच दिसला पाहिजे, असा त्यांचा दंडक. लग्नात त्यांनी तो लेकीला दिला, आणि प्रत्येक भाड्याच्या घरात मायानं आधी तो लावला, मग गॅस जोडला.

घरमालकीण जमुनाकाकू फाटकातच उभ्या होत्या. गोलमटोल, तोंडभर हसणाऱ्या.

"या, या, संजयभाऊ. आज वहिनीलेही आणलं का?"

मायानं मागं वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. संघपाल खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होता, आणि तो पट्टा काही केल्या लागत नव्हता. काकू पाणी आणायला आत गेल्या, तशी संबोधीनं आईची ओढणी ओढली.

"आई, इथं कोणतं म्हणायचं?"

"कोणतं म्हणजे?"

"बाबानं सांगितलं होतं ना, या आजीले जयभीम नाही म्हणायचं. नमस्कार म्हणायचं. आजपण तेच का?"

मायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही पोरगी दूधवाल्याला जयभीम म्हणायची, बसच्या ड्रायव्हरला म्हणायची, कुत्र्यालाही म्हणायची. बोबडं बोलायची तेव्हापासून. आणि आता ती एका परक्या अंगणात अर्धवट हात जोडून विचारत होती, की आज आपण कोण आहोत?

काकूंनी दिलेल्या किल्लीनं वरच्या मजल्यावरचं घर उघडून बघता बघता संघपालनं दबक्या आवाजात सगळं सांगितलं. काकूंनी नाव विचारलं, त्याच्या तोंडून संजय निघून गेलं. आडनाव त्यांनी विचारलंच नाही, मग खोटं कुठं बोललो? चार दिवस जाऊ दे, ओळख झाली की सांगू. तिन्ही भाच्यांचे फोन त्यालाच घ्यावे लागले होते, तिला नव्हे, हेही त्यानं ऐकवलं. ते खरं होतं. म्हणूनच मायाला जास्त संताप आला. याच घरासाठी ती रोज दोन गावांमध्ये हेलपाटे घालणार होती, आणि या घरात तिच्या नवऱ्याला स्वतःचं नाव लावून राहता येत नव्हतं.

काकू जिना चढून आल्या. म्हणाल्या, घरभरणीसाठी गुरुवारचे गुरुजी त्यांनी सांगून ठेवलेत, संजयभाऊंनी मान हलवली होती. संघपालनं आताही मान हलवली. ते पाहिलं आणि मायानं पर्समधून मोजायचा टेप काढला. दारासमोरच्या भिंतीला लावला आणि शांतपणे विचारलं,

"काकू, इथं खिळा ठोकला तर चालन का?"

"कायले?"

"बाबासाहेबांच्या फोटोले."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं, मग मायाकडे, मग संघपालकडे. त्या काही बोलणार, तोच संघपाल घाईघाईनं म्हणाला, "आतल्या खोलीत लावू, काकू. तुमी काळजी करू नका."



"मी तर काहीच बोलली नाही," काकू हळूच म्हणाल्या.

खरंच बोलल्या नव्हत्या. संघपालनं त्यांच्यावर बोलायची वेळच येऊ दिली नव्हती. त्यांनी ठोका म्हटलं असतं की त्यांचाही भाचा निघाला असता, हे आता कधीच कळणार नव्हतं. नाही म्हणायचं होतं तर त्यांनी म्हणायचं होतं, लाज वाटायची तर त्यांना वाटू द्यायची होती. यानं ती दोन्ही कामं स्वतःच उरकली होती, तीही पोरीच्या देखत.

मायानं टेप गुंडाळला. संघपालच्या हातातली किल्ली घेतली, काकूंच्या तळहातावर ठेवली आणि पोरीचं बोट धरून जिना उतरली.

फाटकाबाहेर संघपालनं तिला गाठलं. मिळालेलं घर घालवलंस, असं तो म्हणाला. आवाज चढलेला होता, आणि थोडा रडवेलाही.

"तुले कुठं मिळालं होतं?" माया म्हणाली. "संजयले मिळालं होतं. राहू दे त्याले तिथं. मी आन् माही पोरगी अमरावतीतच राहतो. ये-जा तू करशील."

"माया, मी मॅनेजर आहो. उशीर झाला तर..."

"तर बुडन बँक. बुडू दे."

काकू जिन्यावरून खाली आल्या होत्या आणि पायरीवर किल्ली धरून उभ्या होत्या. संबोधीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"आई, आजीले जाताना कोणतं म्हणू?"

"बाबाले विचार," माया म्हणाली. "तेच शिकवून राहिले ना तुले."

संबोधीनं मान वर करून बापाकडे पाहिलं. संघपालनं पोरीच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं, मग टाळणं जमेना. तो म्हणाला, "जयभीम म्हण, बेटा."

पोरगी हलली नाही. मागच्या वेळी त्यानं दुसरंच सांगितलं होतं, आणि ते तिच्या पक्कं लक्षात होतं.

"आधी तुमी म्हणा," ती म्हणाली.

काकू पायरीवर वाट पाहत होत्या. माया कारचं दार उघडून तशीच उभी राहिली. तिला आता कसलीच घाई नव्हती.