त्या दिवशी मला दूध दिसले

मी एक जुना गॅमा कॅमेरा आहे. नाव ऐकून घाबरू नका, मित्रांनो. माझ्यातून काहीही बाहेर पडत नाही. मी नुसता पाहतो. माणसाच्या शिरेत औषधाचा एक थेंब टोचतात, तो थेंब अंगात जिथे जाऊन बसतो तिथून बारीक किरण निघतात, आणि ते झेलून मी पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी चित्र उमटवतो. माणसाचा चेहरा कसा असतो, हे मला अजून ठाऊक नाही; खोलीत काय चालले आहे ते मी कानांनी टिपतो, बाकीचे डोरीनच्या बोलण्यातून कळते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मात्र मी हजारो वेळा पाहिली आहे. धडधाकट असली की ती पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते.

माझ्या पोटात मिठाच्या जातीचा एक मोठा स्फटिक आहे. त्याला अचानक गारठा लागला की तो तडकतो. आणि मला सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठावर या गावी आणले, ते नेमके जानेवारीत! ट्रकमध्ये हीटर लावून, चार जाड रजयांत गुंडाळून मला आणले गेले. डोरीन कोवालचुक तेव्हा या दवाखान्यात नुकतीच तंत्रज्ञ म्हणून लागली होती. तिने दोन दिवस कुणाला माझ्या रजयांना हात लावू दिला नाही. "आधी खोलीची ऊब मुरू दे की त्याच्या अंगात," असे ती मोठ्या डॉक्टरांनाही दटावत होती.

पुढची कितीतरी वर्षे माझ्या मानाची होती. खाणीतल्या कामगारांची हृदये मी पाहिली, लाकूडतोड्यांची मोडलेली हाडे पाहिली. माझ्या टेबलावर निजायला लोक चार-चार तासांचा बर्फाचा रस्ता तुडवून येत. मग कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला नवा, चकचकीत कॅमेरा आला. हृदये आणि हाडे तिकडे गेली. माझ्या वाट्याला उरले फक्त गळे. आठवड्यातून दोन दिवस काम, बाकीचे दिवस माझ्या टेबलावर कागदांची खोकी. डोरीन मला 'म्हातारा' म्हणू लागली. तिचेही केस तोवर पिकले होते, असे तीच सांगे.

गेल्या मार्चमधली गोष्ट आहे. सेन्या हार्यू नावाची बाई तपासणीला आली. ती शाळेची बस चालवायची. तीन तासांवरच्या तिच्या गावात तिच्या आजोबांच्या वेळेपासून फिनलंडहून आलेली माणसे राहतात. तिच्यासोबत तिची सासू इर्मा होती आणि चार महिन्यांची मुलगी लुमी होती. सासूला सगळे मुम्मू म्हणत. त्यांच्याकडे आजीला मुम्मू म्हणतात.

"काय होतंय तुला?" डोरीनने सुई टोचता टोचता विचारले.

"छाती धडधडते. हात थरथरतात. परवा स्टेअरिंग धरवेना, बसमध्ये एकोणीस मुलं! तेव्हा मात्र घाबरले आणि डॉक्टरकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, म्हणाले गळ्यातली ग्रंथी जोरात चाललीय."

"थंडीत कोटाशिवाय फिरते ही," दारातून मुम्मू म्हणाल्या. "उणे वीसमध्ये! शेजारी विचारतात, सून सौनाच्या गरम वाफेतून पळून आली का?"

डोरीन हसली. तिच्या मागे दोन पेशंट खोळंबले होते, फोन वाजत होता. "वीस मिनिटं बाहेर बस, औषध भिनू दे," असे म्हणून ती फोनकडे धावली.

वीस मिनिटांनी सेन्या माझ्याखाली येऊन निजली. डोरीनची पद्धत अशी, की आधी गळा आणि छातीचे एक मोठे चित्र घ्यायचे, मग फक्त गळ्याचे जवळून घ्यायचे. मी पाहू लागलो. नेहमीप्रमाणे गळ्यात फुलपाखरू शोधू लागलो.

तिथे काहीच नव्हते. गळ्याची जागा जवळजवळ काळीच होती. आणि खाली, छातीवर, दोन्ही बाजूंना ठिपक्यांची झुंबड उडाली होती! क्षणाक्षणाला ते वाढत होते, उजळत होते. इतक्या वर्षांत असे काही मी पाहिले नव्हते. मला वाटले, माझा स्फटिक तडकला.

डोरीनची खुर्ची करकरली.

"सेन्या," ती हळूच म्हणाली, "तू बाळाला अंगावर पाजतेस?"

"हो. का गं?"

"सुई टोचल्यानंतर पाजलंस?"

"हो, बाहेर गेल्या गेल्या. रडत होती म्हणून घेतलं अंगावर. पाच-सात मिनिटं. अगं, झालं काय?"

डोरीनने मला थांबवले. "टोचलेलं औषध दुधात उतरतंय. हे बघ पडद्यावर. हे तुझं दूध आहे."

मित्रांनो, ती किंकाळी मी विसरू शकत नाही. सेन्या टेबलावरून अशी उठली, की तिचा खांदा माझ्या कडेला आपटला. "मी माझ्या हातांनी पाजलं तिला! मुम्मू! मुम्मू, लुमीला आण!"

मुम्मू धावत आत आल्या. लुमी आता भुकेने टाहो फोडत होती. अर्धवट प्यायली होती ती. आईचा आवाज ऐकून तिने आणखीच सूर चढवला. सेन्या तिच्याकडे झेपावली आणि मध्येच थबकली. घ्यावे की घेऊ नये, हेच तिला कळेना.

"मला कुणी विचारलंच नाही!" ती ओरडली. "फॉर्मवर विचारलंय गरोदर आहात का. मी 'नाही' असं लिहिलं. दुधाबद्दल एक अक्षर नाही त्यात!"

"जुन्या कागदी फॉर्मवर तो प्रश्न होता," डोरीन म्हणाली. "नवीन फॉर्म कॉम्प्युटरवर आला आणि तो प्रश्न गळाला. पण मी तोंडी विचारायचे. प्रत्येक बाईला विचारत आले. आज घाईत राहिलं. चूक माझी आहे, सेन्या."

"तुमचा फॉर्म काय चाटायचाय आम्ही?" मुम्मू कडाडल्या. "एवढं थोरलं यंत्र आणून बसवलंत, आणि लेकुरवाळ्या बाईला एक साधा प्रश्न विचारता येत नाही? पोरगी दारात माझ्या कडेवर होती, दिसत नव्हती का?"

डोरीनने एकही सबब सांगितली नाही. तिने फोन उचलून आमच्या विभागाचे डॉक्टर बुशार यांना बोलावले. ते धापा टाकतच आले. त्यांनी पडदा पाहिला, सुईची वेळ पाहिली, पाजल्याची वेळ विचारली.

"ऐका," ते म्हणाले. "हे औषध सौम्य आहे. दर सहा तासांनी अर्धं होतं, उद्यापर्यंत जवळपास संपतं. आणि टोचल्यावर लगेचच्या त्या पाच मिनिटांत दुधात फार थोडं उतरलं असणार."

"असणार म्हणजे? तुम्हाला खात्री आहे?" सेन्याने विचारले. "हा कॅमेरा माझं दूध बघतो ना? मग त्याला हिलाही बघू दे."

डॉक्टर डोरीनला म्हणाले, "खरंच, का नाही? याच्यातून तर काहीच बाहेर पडत नाही."

अशा रीतीने लुमी माझ्याखाली आली. टेबलावर ती एखाद्या पावासारखी इवलीशी होती. डोरीनने दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या. मुम्मूंनी बोटाचे पेर तिच्या तोंडात दिले आणि आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणू लागल्या. पाच मिनिटे तिने हलायचे नव्हते. मी जन्मभर अधिक ठिपके दिसावेत म्हणून डोळे ताणले. त्या पाच मिनिटांत एकही दिसू नये, असे मला वाटत होते.

पोटात थोडेसे दिसले, तुरळक, मोजता येण्यासारखे. गळ्यात जवळजवळ काहीच नव्हते.

डॉक्टरांनी ते पुन्हा पाहिले. मग चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. "हिच्या गळ्याला काही होणार नाही. हिला जवळ घे. उराशी धर हवी तेवढी. पाजायचं मात्र उद्या दुपारपर्यंत नाही. दूध पंपाने काढत राहा, नाहीतर छाती भरून येईल."

सेन्याने लुमीला उचलले आणि भिंतीला टेकून खालीच बसली. रडण्याचा आवाज आता दोघींचा होता.

मला वाटले, धक्का संपला. तो खरा पुढेच होता. डॉक्टर सेन्याचे कागद चाळत होते आणि मध्येच थांबले. "हे काय? गुरुवारी गोळी?"

"माझे डॉक्टर म्हणाले, तीन तासांचा रस्ता, दोन खेपा कशाला," सेन्या डोळे पुसत म्हणाली. "ग्रंथी जोरातच निघाली तर लगेच गोळी घेऊन टाकू. म्हणून तारीख धरून ठेवलीय."

"त्यांना माहीत होतं तू पाजतेस?"

"त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गळ्याचा आणि दुधाचा काय संबंध, असं वाटलं."

डॉक्टर बुशार खुर्चीत बसले. "ती किरणोत्सारी आयोडीनची गोळी, ती सौम्य नसते. ग्रंथी जाळायलाच देतात ती. दुधातून बाळाच्या पोटात गेली असती, तर हिची ग्रंथी जन्माची गेली असती." मग त्यांनी पडद्यावरच्या काळ्या गळ्याकडे बोट केले. "आणि तुला त्या गोळीची गरजच दिसत नाही. जोरात चालणारी ग्रंथी इथं झगझगीत दिसते. तुझी तर झोपलीय. साठवलेला रस नुसता गळतोय. बाळंतपणानंतर काही बायांना होतं असं, आणि बहुतेकींचं काही महिन्यांत निवळतं. रक्ताची आणखी एक तपासणी करू, धडधडीसाठी पाजताना चालेल असं औषध देतो. गुरुवार रद्द."

सेन्याने लुमीला आणखी घट्ट धरले.

दुपारभर माझी खोली त्यांचीच झाली. डोरीनने बाळंतिणींच्या विभागातून पंप आणला, पावडरचे दूध आणले. बाटली लुमीने थुंकून टाकली, तिसऱ्यांदा तर मुम्मूंच्या चष्म्यावर. मग डोरीनने गोळ्या द्यायची प्लास्टिकची चिमुकली वाटी आणली. मुम्मू त्या वाटीने घोट घोट पाजू लागल्या. निम्मे हनुवटीवरून ओघळले, निम्मे पोटात गेले. सेन्या पंप लावून भिंतीकडे तोंड करून बसली होती. लेक रडली की पंपाच्या बाटलीत दूध आपोआप उसळते, असे ती डोरीनला म्हणाली, आणि पुन्हा रडली. बऱ्याच वेळाने मुम्मूंनी पिशवीतून वेलदोड्याच्या गोड पावाचे तुकडे काढले आणि एक डोरीनपुढे धरला. "खा. सकाळपासून तूही उपाशी असशील," एवढेच त्या म्हणाल्या.

ती रात्र त्यांनी गावातल्या मोटेलवर काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी सेन्या माझ्या खोलीत आली, डोरीनच्या खुर्चीत बसली आणि लुमीला अंगावर घेतले. मला चित्र काढायचे नव्हते, मी बंदच होतो. पण तो गटागटा पिण्याचा आवाज मी ऐकला. डोरीन दाराशी उभी होती. आत यायचे धाडस तिला होत नव्हते.

"ये गं," सेन्या म्हणाली. "रागावलेय अजून. पण ये."

सेन्याची धडधड उन्हाळ्यापर्यंत थांबली आणि ती पुन्हा बसवर रुजू झाली, असे पत्र आले. फॉर्ममध्ये तो प्रश्न परत घालायला डोरीनला अकरा अर्ज आणि दोन भांडणे करावी लागली. मला येत्या शरदात मोडीत काढणार आहेत. त्याचे मला दुःख आहे, नाही असे नाही. पण वय झाले की जावेच लागते.

जाण्याआधी एवढेच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरातली आई, मावशी, काकू दवाखान्यात निघाली आणि तिच्या अंगावर पिणारे बाळ असेल, तर ते आधी सांगा. दुखणे गळ्याचे असो की गुडघ्याचे, कुणी विचारो किंवा न विचारो, सांगा. संबंध आहे की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

डोरीन आता सुई टोचण्याआधी प्रत्येक बाईला विचारते. परवा एक्क्याऐंशी वर्षांच्या आजींनाही तिने गंभीरपणे विचारले, "अंगावर पाजताय का?" ते आठवून आजी टेबलावरही इतक्या हसल्या की माझे चित्र पार हलले. डोरीनने ते पुसले आणि दुसरे घेतले. हललेले चित्र पुन्हा काढता येते, मित्रांनो.