बोटभर ढिलं

माझं मनगट तिसऱ्या आणि चौथ्या भोकाच्या मध्ये येतं. सासऱ्यांनी दिलेल्या घड्याळाच्या पट्ट्याबद्दल बोलतोय. एरवी माणूस म्हणून माझं कुठे अडलेलं नाही. बक्कल तिसऱ्या भोकात लावलं की बोटांना मुंग्या येतात. चौथ्यात लावलं की घड्याळ कोपराला भेटून येतं.

मी शाळामास्तर. मूळ रनाळ्याचा, शाळाही तिथलीच, राहायला मात्र नंदुरबारला. घड्याळांचा मला शौक आहे, पण साध्यासुध्या. पांढरी तबकडी, काळे आकडे, सेकंदकाट्याची बारीक टिकटिक, एवढं मला पुरतं. अशी माझ्याकडे तीन आहेत आणि त्यांच्यातलं खाकी कापडी पट्ट्याचं माझं सगळ्यात लाडकं. तो पट्टा वापरून वापरून इतका मऊ झालाय की कधीकधी घड्याळ हातात असताना मी ते घरभर शोधतो. घड्याळ नीट बसल्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही. जे हातात आहे हे आठवावं लागतं, ते चांगलं. जे सारखं आठवण करून देतं, ते दागिना असतं आणि दागिन्यांशी माझं पटत नाही.

तर लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी ब्राह्मणपुरीला गेलो आणि पाटावर बसवून सासऱ्यांनी, उखाआप्पांनी, माझ्या हातात जाड कातडी पट्ट्याचं मोठं सोनेरी घड्याळ बांधलं. स्वतःच्या हाताने, तिसऱ्या भोकात. सासूबाई धनुबाईंनी ओवाळलं, फोटो निघाले. त्या फोटोंत मी भावुक झालेला दिसतो. खरं म्हणजे माझी बोटं निळी पडत होती.

शाळा सुरू झाल्यावर चौथं भोक वापरून पाहिलं. फळ्यावर तापीचं खोरं काढायला हात वर केला की घड्याळ सरकून कोपराशी, खाली घेतला की खळकन परत पंजाशी. अख्खा वर्ग तापी सोडून घड्याळाचा प्रवास बघायला लागला. शेवटी मी ते काढून कपाटात ठेवलं आणि मुकाट्याने माझं खाकी पट्ट्याचं घातलं.

यावर साधा उपाय होता, तो मला कळत नव्हता असं नाही. गावातल्या भीकमचंदशेठच्या घड्याळाच्या दुकानात गेलो. शेठ म्हणाले, "मास्तर, तीन नि चारच्या मध्ये एक भोक पाडतो, चहा येईस्तोवर काम होईल." पण बायको, काजल, सोबत होती. तिने शेठच्या हातातून घड्याळ ओढून घेतलं.

"मन्हा बापना आहेरले तुम्ही भोक पाडशात?"

तिने हे असं म्हटलं की शेठनी भोक पाडायची टोचणी हळूच गल्ल्याखाली ढकलली. चहा पिऊन आम्ही परत आलो.

आप्पा दर बाजाराच्या दिवशी नंदुरबारला येत. केळीचं, बियाण्याचं काय असेल ते काम उरकून आमच्याकडे यायचे, माझ्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसायचे, लेकीच्या हातचा चहा प्यायचे आणि फारसं न बोलता उठायचे. तेवढ्यासाठी काजल सकाळपासून दाराकडे बघत असायची. त्या दिवशी ते आले, बसले आणि त्यांची नजर माझ्या खाकी पट्ट्यावर पडली.

"पाव्हना, घड्याळ बंद पडनं का?"

"नाही आप्पा, चालतंय. बसत नाही तेवढं. तिसऱ्यात घट्ट, चौथ्यात ढिलं."

"कोठे ठेयेल शे?"

"कपाटात."

आप्पांनी कपाटाकडे बराच वेळ पाहिलं. "कपाटले काय करनं शे टाइम देखीसन?" ते म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले.

आमच्याकडे जावई रुसला हे कळायला जावयाने रुसावं लागत नाही. आप्पांनी घरी जाऊन सांगितलं की पाहुणा नाराज आहे. मग धनुबाईंनी विचार केला, घड्याळ तर कंपनीचं, ते चुकायचं नाही, म्हणजे मनगटच बारीक आहे. दुसऱ्याच दिवशी बसने डिंकाचे लाडू आले. मग तुपाची बरणी. मग मेथीचे लाडू, सोबत निरोप: चौथ्या भोकात बसेपर्यंत खात राहा. मी खात राहिलो. पोट वाढलं. कमरेचा पट्टा दोन भोकं पुढे गेला. मनगट जिथल्या तिथे.

हे कळल्यावर मात्र आप्पांचं डोकं फिरलं. त्यांनी पारावर, चारचौघांत, स्वतःचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "जवाईना हातमा मन्हं घड्याळ नही, तवलोंग मन्हा हातमा बी नही. आनि पोरना घरना च्या बी नही."

म्हणजे आमच्याकडचा चहाही बंद. इथवर ठीक होतं. पण आप्पांची भावकी मोठी आणि जिव्हाळ्याची. आधी काजलच्या काकांनी घड्याळं काढली, मग मामांनी, मग ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनीही. मोबाइलवर वेळ दिसतेच की, असं कोणीतरी म्हटलं, तर लोकांनी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली. ब्राह्मणपुरीत कोणाला वेळ विचारली तर माणूस तोंड फिरवून म्हणायचा, "आमना जवाईले इचारा." विहिरीवरच्या मोटारीची लाइट कधी येते नि कधी जाते याचा कोणाला पत्ता लागेना. एका लग्नात गुरुजींनीही गुपचूप घड्याळ काढून ठेवलं, मुहूर्त झाला की नाही हे सांगणारं कोणी उरलं नाही आणि मंगलाष्टकं चालूच राहिली. अंतरपाट धरणारे बदलून बदलून धरत होते म्हणे. शेवटी नवरदेवाला भूक लागली तेव्हा लग्न लागलं. त्याचंही खापर माझ्याच मनगटावर फुटलं.

मला हसू येत होतं, संतापही येत होता. बाजाराच्या दिवशी मात्र दोन्ही जायचं. काजल तरीही आप्पांचा चहा टाकायची, त्या डाव्या खुर्चीसमोर कप ठेवायची आणि साय धरली की मुकाट्याने माझ्यापुढे सरकवायची. तो दुसरा कप मला गिळवत नव्हता. ती मला बोलली असती तर मी भांडलो असतो. ती बोललीच नाही.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरली. आप्पांना घोडा घ्यायचा कधीच नसतो, पण घोडे बघायला ते दरवर्षी जातात. मी सोनेरी घड्याळ खिशात घातलं आणि बसने तिथे गेलो.

आप्पा एका काळ्या घोडीपुढे उभे होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी घोडीला सांगितलं, "काही लोकं आपला दिलेल वस्तूले कपाटमा ठेवतस."

"आप्पा," मीही घोडीकडेच बघत म्हणालो, "मला ते घालायचंय. मनगट वाढत नाही, काय करू? एक भोक पाडू द्या."

घोडीने मान हलवली. आप्पांनी तिच्या मानेवर थाप मारली. "भोक पाडाना अधिकार मन्हा शे," ते म्हणाले. "पन दुकानदारना हातमा देस नही. चाला."

समोर सुरुपसिंगची राहुटी होती. तो घोड्यांचा साज विकायचा: लगाम, खोगीर आणि पोटाखालून आवळायचा पट्टा, ज्याला त्या धंद्यात तंग म्हणतात. त्याच्याइतका फुशारक्या मारणारा माणूस मी पाहिला नाही. पट्ट्याचं काम आहे एवढंच आप्पांनी सांगितलं. मी खिशातलं घड्याळ काढून चौथ्या भोकात बांधलं.

"जनावर कोठे शे?"

"हाऊ काय. मन्हा जवाई."

सुरुपसिंगने मला खालून वर पाहिलं. "उभा जनावरनं माप मी लेस नही. चालाडी देखाडा."

मनगटाचं माप घ्यायला मी कशाला चालू, असं मी विचारणार होतो. पण आप्पांनी माझ्या पाठीवर हलकेच थाप मारली आणि कसा कोण जाणे मी चालायला लागलो. गेलो, वळलो, आलो. सुरुपसिंग म्हणाला, आता थोडं पळवा. पळालो. लाडवांचं पोट पुढे, सोनेरी घड्याळ कोपरापर्यंत वरखाली. बघता बघता गर्दी जमली. फेटेवाला एक परप्रांतीय व्यापारी पुढे आला आणि आप्पांना विचारता झाला, "उमर कितनी है?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दाँत दिखाओ." मी दाखवले. एवढं झाल्यावर दात कशाला लपवायचे?

व्यापाऱ्याने खांद्यावरचा रुमाल काढला, आप्पांच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्यांची बोटं दाबली. यात्रेत भाव असाच सांगतात, न बोलता, बोटांनी. काय बोटं दाबली ते मला आजवर कळलेलं नाही. आप्पांनी मात्र इंगळी डसल्यासारखा हात बाहेर ओढला.

"इतलाच?" ते ओरडले. "मास्तर शे तो! भूगोल शिकाडस! दारू नही, तमाखू नही, मन्ही पोरले कधी आवाज चढाईसन बोलना नही! रुमाल उचल तुन्हा!"

व्यापारी रुमाल झटकत गेला. मी धापा टाकत उभा होतो. आप्पांनी माझ्याबद्दल चांगलं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि तेही घोड्यांच्या बाजारात. माझे डोळे भरून आले. या वेळी खरोखरच.

"मालक कोन?" सुरुपसिंगने विचारलं.

आप्पांनी हात वर केला.

"बोट घाला. तंगना खाले मालकनं बोट जावाले पाह्यजे. त्याले म्हनतस माप."

आप्पांनी उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या पट्ट्याखाली सारलं. केळीच्या चिकाने काळं पडलेलं, जाडजूड, पेराजवळ चिरलेलं बोट. सुरुपसिंगने पट्टा ओढून पाहिला, चौथं भोक नाकारलं, पाचवंही नाकारलं. "दुसरानं पाडेल भोक मी वापरस नही," असं म्हणून दोहोंच्या बरोबर मध्ये त्याने नवीन भोक पाडलं आणि बक्कल लावलं.

घड्याळ बसलं. काय सांगू, असं बसलं की टोचणं नाही, सरकणं नाही, तबकडी मनगटाच्या मधोमध, जणू तिथेच उगवलेली. "बठनं!" आप्पा म्हणाले आणि आनंदाने त्यांनी बोट काढलं. घड्याळ घसरून माझ्या तळहातावर आलं.

आप्पांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. त्यांनी घाईघाईने बोट परत आत घातलं. घड्याळ पुन्हा झकास बसलं. सुरुपसिंग म्हणाला, माप बरोबर आहे, मालकाने जवळ राहावं, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग काय करणार? आम्ही तसेच निघालो. सारी यात्रा आम्ही तशीच हिंडलो, त्यांचं बोट माझ्या पट्ट्याखाली. घोडे पाहिले, गोडी शेव घेतली. ब्राह्मणपुरीचे लोक भेटले, त्यांनी घड्याळ हातात पाहिलं, बोटाकडे काणाडोळा केला आणि तिथल्या तिथे मोबाइलवरच्या चिकटपट्ट्या ओढून काढल्या. बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली नाही तर कंडक्टरने दोन माणसं उठवली. त्याला वाटलं, आप्पा मला दवाखान्यात नेत आहेत.

काजलने दार उघडलं. आधी तिने आप्पांना पाहिलं, मग आमचे हात.

"काय व्हयनं?"

"बठनं," आप्पा म्हणाले.

ते डाव्या खुर्चीत बसले आणि डाव्या हाताने चहा प्यायले. कप पार रिकामा केला. काजल उंबऱ्याशी उभी राहून नुसती बघत होती आणि पदराने डोळे पुसत होती. जायची वेळ झाली तेव्हा आप्पांनी बोट अगदी सावकाश बाहेर काढलं, झोपलेल्या बाळाखालून हात काढावा तसं. घड्याळ घसरलंच.

"ढिलं शे का, पाव्हना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही आप्पा. बरोबर बसलंय."

त्यांनी खिशातून स्वतःचं घड्याळ काढून हातात घातलं. ते बंद पडलेलं होतं. "किती वाजनात?" मी तळहातावरचं घड्याळ पाहून वेळ सांगितली, त्यांनी काटे लावले आणि गेले.

आता मी रोज तेच घालतो. हात खाली सोडला की ते पंजाशी येतं, म्हणून डावा हात थोडा वर धरूनच चालतो. लोकांना वाटतं, मास्तर काहीतरी सांगणार आहेत, आणि ते थांबतात. मुलं अजूनही तापीपेक्षा घड्याळच जास्त बघतात. खाकी पट्टा कपाटात आहे, त्याची आठवण येते, नाही कशाला म्हणू?

पण बाजाराच्या दिवशी आप्पा येतात. डाव्या खुर्चीत बसतात आणि न विचारता, न बोलता, पट्ट्याखाली बोट सारतात. चहा होईपर्यंत आम्ही तसेच बसून असतो. तेवढा वेळ माझ्या हातात घड्याळ आहे हे मी विसरून जातो.